येते म्हणाली आणि आलीच नाही

१२ जानेवारी

सूनबाईने आज ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, मी वॉर्डात असते. तुमचा फोन वाजला की पेशंटचं सलाईन सोडून धावत बाहेर येते, आणि तुम्ही विचारता काय, तर हेल्मेटचा पट्टा नीट लागतो का! आता जे विचारायचं ते या वहीला विचारा."

वही काय उत्तर देणार? पण ती हे हसत म्हणाली आणि वहीबरोबर चांगलं पेनही आणलं होतं. मुलगा जहाजावर असतो, वर्षातून दोनदा घरी येतो. नोकरी करून घर आणि मला सांभाळते ती हीच. तेव्हा तिचं ऐकायचं ठरवलं.

मी सातवीपर्यंत शिकलो. नंतर सगळी नोकरी बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये सीट शिवण्यात गेली. दाभण चालवणाऱ्या हाताने पेन धरलं की अक्षर तिरकं जातं. जाऊ दे, कोण वाचणार आहे.

विचारायचं ते असं. माझी नात अठरा वर्षांची आहे. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण लहानपणी ती एका जागी उभी कधी दिसलीच नाही. ती छोट्या गाड्यांच्या शर्यती जिंकायची, तोवर ठीक होतं. त्या गाड्या म्हणजे चाकं लावलेलं घमेलं. आता एका मालकांनी तिला मोठ्या रेसिंग गाडीत बसवलं आहे. त्यांच्याकडे दोन गाड्या आहेत. दुसरी हिला चार शर्यतींपुरती दिली आहे. त्यानंतर हिला वर्षभर ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरणार.

एवढ्या मोठ्या माणसाने आमच्या पोरीवर विश्वास टाकला, हे उपकारच. पण त्या गाडीला दार नाही, छत नाही. जमिनीपासून चार बोटांवर बसायचं. असं वाहन बनवताना बनवणाऱ्याला काही वाटलं नसेल का?

२० जानेवारी

आज तिच्याबरोबर टीमच्या वर्कशॉपमध्ये गेलो. आमच्या डेपोत तेलाचे डाग चुकवत चालावं लागायचं. इथली फरशी इतकी स्वच्छ की मी चपला बाहेर काढल्या. मुख्य मेकॅनिकना सगळे मिस्त्री म्हणतात. ते म्हणाले, "आजोबा, चपला घाला. इथे लोखंड पडतं पायावर." मग घातल्या.

गाडीची सीट बघितली. ती हिच्याआधीच्या कुणा धिप्पाड मुलाच्या मापाची आहे. भिंगरी आत बसली की बादलीत चमचा ठेवल्यासारखी दिसते. मी घरून उशी शिवून नेली होती, दुहेरी शिलाईची, चेन लावलेली. मिस्त्रींनी ती हातात घेतली, दाबली, उलटी करून शिवण बघितली आणि म्हणाले, "काम एक नंबर आहे. पण हा स्पंज पेटतो. गाडीत आम्ही पेटणारं काही ठेवत नाही."

म्हणजे न पेटणारं ठेवतात. म्हणजे आग लागू शकते. हे मला माहीत नव्हतं ते बरं होतं.

त्यांनी तिच्या मापाचं अस्तर दोन दिवसांत बसवलं. माझी उशी फेकली नाही, ऑफिसातल्या खुर्चीवर ठेवली. आता हिशेब लिहिणाऱ्या बाई त्यावर बसतात. चांगली माणसं आहेत.

४ फेब्रुवारी, रविवार

पहिली शर्यत झाली. सातवी आली. हातीपायी धड आहे.

मिस्त्रींनी मला ट्रॅकच्या कठड्यापाशी खुर्ची टाकून दिली आणि कानाला लावायचं यंत्र दिलं. त्यातून गाडीतलं बोलणं ऐकू येतं, आपल्याला बोलता येत नाही. सूनबाईला हे कळलं तेव्हा म्हणाली, "असलं यंत्र मला घरी पाहिजे." चालकाच्या स्टिअरिंगवर बटण असतं. ते अंगठ्याने दाबलं की त्यांचा आवाज इकडे येतो. इकडून बोलतात त्या इंजिनिअर बाई. वय फार नाही, पण आवाज असा शांत की डॉक्टर झाल्या असत्या तर पेशंट निम्मा तिथेच बरा झाला असता.

सुरुवातीला सगळ्या गाड्या एकदम एकाच वळणाकडे धावतात. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती होती. मग प्रत्येक फेरीत समोरून गेली की एक श्वास घ्यायचा आणि पुन्हा दिसेपर्यंत तो पुरवायचा, असं केलं.

निघण्याआधी ती मिस्त्रींना विचारत होती, "आजोबांची खुर्ची कुठे टाकलीय?" मी मध्येच उठून कुणाच्या पायात येईन अशी तिला भीती वाटत असणार. मी जागचा हललो नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार

दुसरी शर्यत. सहावी. पहिल्या गाडीचा चालक तिसरा आला. तो इतका उंच आहे की सगळे त्याला जिराफ म्हणतात आणि तोही ओ देतो. तिला म्हणाला, "भिंगरे, तू माझ्या मागे येतेस की माझ्यावर पाळत ठेवतेस?" ती म्हणाली, "तुझी मान आरशात दिसते, रस्ता चुकत नाही." खेळीमेळीने राहतात, बघून बरं वाटलं.

तिच्या उजव्या अंगठ्याला फोड आला आहे. म्हणते, सगळ्यांनाच येतात. सगळ्यांना येतात म्हणून दुखत नाहीत का?

७ मार्च

या वेळी शहाणपण केलं. आधी मिस्त्रींना फोन करून विचारलं. त्यांनी न पेटणारा दोरा आणि जुन्या हातमोज्याचं कापड पाठवून दिलं. मी तिच्या नव्या हातमोज्यांच्या अंगठ्यांना आतून-बाहेरून दुहेरी ठिगळ लावलं, बारीक टाक्यांचं. अंगठा जरा गुबगुबीत झाला, पण आता फोड येण्याची बिशाद नाही. तिने घालून बघितले आणि म्हणाली, "आजोबा, गादीवर अंगठा ठेवल्यासारखं वाटतंय."

या वयात आपल्या हातचं काही तिच्या अंगावर असणार, याहून काय पाहिजे.

१० मार्च, रविवार

काय लिहू. सकाळी सगळं ठीक होतं.

आजची शर्यत लांब पल्ल्याची होती. प्रत्येक गाडीने मध्ये एकदा आत येऊन टायर बदलायचे, असा नियम. टायर बदलणारी माणसं दोन्ही गाड्यांना मिळून एकच. त्यामुळे दोघं एका वेळी येऊन चालत नाही. ज्याला यायचं त्याने रेडिओवर 'येतो' म्हणून सांगायचं, मग त्याचे टायर बाहेर मांडतात.

माझ्या यंत्रात आज काहीतरी बिघाड होता. मध्येच इंजिनाची घरघर कानात यायची आणि बंद व्हायची. जिराफ आत येण्याच्या बेतात होता. तेवढ्यात घरघर आली आणि तिच्या आवाजात स्पष्ट ऐकू आलं, "येते."

मी सवयीने म्हटलं, "ये."

इंजिनिअर बाईंनी जिराफला सांगितलं, "तू थांब, एक फेरी आणखी काढ, ती येतेय." माणसं धावली, तिचे टायर मांडले, गुडघे टेकून तयार बसली. आणि ती समोरून भर्रकन निघून गेली. आलीच नाही.

त्या जादा फेरीत जिराफचे झिजलेले टायर घसरले. गाडी वाळूत जाऊन रुतली. त्याला काही लागलं नाही, पण त्याची शर्यत तिथेच संपली.

नंतर मालकांनी तिला सगळ्यांसमोर विचारलं, "येते म्हणालीस आणि आली का नाहीस?"

"मी म्हटलंच नाही."

"बाईंनी ऐकलं."

"जिराफ म्हणाला असेल."

जिराफ वाळूने भरलेल्या बुटांनी उभा होता. म्हणाला, "मी 'येते' म्हणेन का? माझ्या मिशा बघ."

कुणीच हसलं नाही. मालकांनी आवाजाची नोंद लावली. तिचाच आवाज. "येते." ती पांढरी पडली, तरी म्हणाली, "मी नाही म्हटलं."

मालक म्हणाले, "हळू चालवणारी मला चालेल. शिकवू. गाडी आपटणारीही चालेल. पण खोटं बोलणारीला मी गाडी देत नाही. चौथ्या शर्यतीचं मी कळवीन."

११ मार्च

ती जेवली नाही. सूनबाई म्हणाली, "बाबा, तुम्ही तिच्याशी बोला, तुमचं ऐकते." मी गेलो. मला बोलायचं होतं एक, तोंडातून निघालं भलतंच. म्हणालो, "भिंगरे, मलाही ऐकू आलं गं. कबूल करून टाक. माणसाकडून चुकतं. मालक मोठ्या मनाचे आहेत."

तिने माझ्याकडे बघितलं. "आजोबा, तुम्हीसुद्धा?"

आणि ती उठून खिडकीपाशी गेली.

ऐकू आलं ते आलं नाही असं कसं म्हणू? आणि ती आजवर माझ्याशी कधी खोटं बोललेली आठवत नाही. शाळेत काच फोडली तेव्हा बाई घरी पोचायच्या आधी हिनेच येऊन सांगितलं होतं. मग हे काय झालं? वहीला विचारून ठेवतो.

१४ मार्च

कुणाला न सांगता बस बदलत वर्कशॉपला गेलो. मालकांना भेटलो. खरं तर एवढंच म्हणायचं होतं की तिला चौथी शर्यत करू द्या. पण मोठ्या माणसासमोर माझी जीभ सैल सुटते. सायकलपासून सुरुवात झाली.

मी म्हणालो, "साहेब, ती अशी नाही हो. तीन चाकी सायकल होती तिची. मी अंगणात स्टुलावर बसून सीट शिवायचो आणि ही घराभोवती फेऱ्या मारायची. तिची आजी होती तेव्हा. घरातून निघताना 'जाते' म्हणू नये, 'येते' म्हणावं, असं तिने शिकवलेलं. या वेडीने ते इतकं मनावर घेतलं की प्रत्येक फेरीला माझ्यासमोरून जाताना म्हणायची, 'आजोबा, येते.' मी म्हणायचो, 'ये.' की गेली पुढच्या फेरीला. दुपारभर आमचं तेच. येते, ये. येते, ये. टाके मोजायचे राहून जायचे माझे."

मालक कागदावर सही करत होते. त्यांचा हात थांबला. "काय म्हणायची?"

"येते."

"कुठे म्हणायची? तुमच्यासमोरून जाताना?"

"हो. म्हणजे निघते आहे, परत येईन, असं."

"आजोबा, शर्यतीत तुमची खुर्ची कुठे असते हे तिला माहीत असतं?"

"दरवेळी विचारून जाते."

मालक उठलेच. दारातून ओरडले, "बाई! मिस्त्री! तिला बोलावून घ्या. हातमोजे घेऊन ये म्हणावं."

मला वाटलं, संपलं. साहेबांचा वेळ खाल्ला, घरातल्या गोष्टी चव्हाट्यावर मांडल्या, आणि आता त्याची शिक्षा पोरीला. तासाभरात ती आली. तिला उभ्या गाडीत बसवलं, हातमोजे घालायला लावले आणि स्टिअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगितलं. पुन्हा पुन्हा तेच. शाळेत बाकावर उभं करतात ना, तसं. इंजिनिअर बाई कानाला यंत्र लावून मान डोलवत होत्या. मग मिस्त्रींनी तिच्या हातमोज्याचा अंगठा चिमटीत धरून मालकांना दाखवला. चौघांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. बहुधा शिवण आवडली असावी, पण अशा वेळी कौतुक कोण करणार.

मला पाणी दिलं आणि मालकांच्या गाडीतून घरी पाठवलं. एवढं होऊनही माणुसकी सोडली नाही.

१५ मार्च

सुटली! पोर सुटली!

काल संध्याकाळी ती घरी आली ती थेट माझ्या खोलीत. म्हणाली, "आजोबा, स्टिअरिंगवरचं बटण आपोआप दाबलं जात होतं. आणि मी तुमच्यासमोरून जाताना 'येते' म्हणते, हे मलाच माहीत नव्हतं! दर फेरीला म्हणत असणार. बाईंनी सगळी नोंद ऐकली, आणखी दोनदा सापडलं, इंजिनाच्या आवाजात दबलेलं."

मी म्हटलं, "म्हणजे तू खोटं बोलली नाहीस."

"आणि तुम्हीही खोटं ऐकलं नाही."

किती सोपं करून टाकलं तिने. मी तीन दिवस झुरलो होतो.

मालकांनी सगळ्यांना बोलावून तिची माफी मागितली म्हणे, जिराफसमोर. आपल्या हाताखालच्या पोरीची माफी मागणारा मालक मी उभ्या जन्मात बघितला नव्हता. जिराफ म्हणाला, "माझी शर्यत 'येते'मुळे गेली. आता कुणी पाहुणे निघताना येतो म्हणाले की मी टायर काढून ठेवणार."

मी म्हणालो, "पण बटण खराब होतं तर बदलायला नको का? बनवणाऱ्याला चार शब्द सुनवायला हवेत." ती म्हणाली, "मिस्त्रींनी केलं ते सगळं ठीक." आणि माझ्या गळ्यात हात टाकून बराच वेळ बसली. अशी ती सहसा बसत नाही.

२२ मार्च

दोन गोष्टी लिहून ठेवतो.

एक, हातमोज्यांवरची ठिगळं काढावी लागली. मिस्त्रींचा स्वतःहून फोन आला. म्हणाले, "आजोबा, नियम बदलला. हातमोजे कंपनीकडून येतात तसेच घालायचे. तुमच्या टाक्यांना तोड नाही, उसवताना माझी ब्लेड मोडली." नियम म्हटल्यावर इलाज नाही. त्यांनी जिराफची फाटलेली बॅग आणि खुर्च्यांची दोन कव्हरं मला शिवायला पाठवली आहेत. माणूस माझी किती आठवण ठेवतो.

दुसरी, आता आत यायचं असेल तर 'येते' म्हणायचं नाही, 'साबण' म्हणायचं. गाडी चालवताना जो शब्द चुकूनही तोंडात येणार नाही असा शब्द बाईंना हवा होता. इतकी शिकलेली माणसं आणि ताशी दोनशेच्या वेगात ओरडणार काय, तर साबण! सूनबाई हसून हसून खाली बसली. मला काळजी एवढीच की ऐन वेळी तिला साबण आठवला नाही तर? चारदा घोकून घेतला तिच्याकडून.

७ एप्रिल, रविवार

चौथी शर्यत. आज सूनबाईनेही रजा काढली. ती नेहमी म्हणते, "काही होत नाही, बाबा," म्हणून मला वाटायचं ही शर्यत मजेत बघेल. पण हिरवा दिवा लागला तशी ती टायरच्या खोलीत गेली आणि शेवटपर्यंत तिथेच बसली. मिस्त्री म्हणाले, टायर मोजत होती. तिला टायरांत एवढा रस असेल असं वाटलं नव्हतं.

मी खुर्चीत होतो. यंत्र आज स्वच्छ होतं. मधल्या फेरीत कानात आलं, "साबण, साबण." माणसं धावली, टायर मांडले, आणि ती आली. अगदी रंगाच्या पट्ट्यावर येऊन थांबली. चारी टायर बदलून सुटलीसुद्धा, मला नीट बघताही आलं नाही. दोन वळणांवर दोन गाड्या मागे टाकल्या. चौथी आली. जिराफ दुसरा. तो येऊन मला उचलू लागला, मी म्हटलं, "बाबा रे, माझे गुडघे!"

मालकांनी तिला बाजूला नेऊन काही सांगितलं. मला वाटलं, आता धावत माझ्याकडे येईल. आली नाही. आधी मिस्त्रींकडे गेली. मग टायरवाल्या प्रत्येकाकडे. हात मिळवले, काही बोलली. मग बाई, मग जिराफ. माझं मन जरा खट्टू झालं, खरं लिहितो. मग वाटलं, अरे, हेच तर हवं. ज्यांनी केलं त्यांचे आधी आभार मानून पोर घरच्यांकडे आली. कुणी शिकवलं कुणास ठाऊक, पण शिकली.

वर्षभराची गाडी तिची झाली. पुढच्या शर्यती सगळ्या दूरदेशी आहेत. महिनाअखेर टीमबरोबर निघायचं, राहायचं तिकडेच. विमानाचा प्रवास, सतत बदलते मुक्काम. मालक मला म्हणाले, "आजोबा, तुम्हाला नेता येणार नाही, वाईट वाटतं." मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तिला नेताय, हेच खूप झालं." आणि ते मनापासून म्हटलं. नंतर तोंड धुवायला गेलो तेव्हा नळ बराच वेळ चालू राहिला, ते वेगळं.

संध्याकाळी घरी निघालो. सूनबाई गाडी चालवत होती, मी शेजारी. भिंगरी मागे बसली आणि दोन मिनिटांत झोपली, तोंड उघडं टाकून, पाय माझ्या सीटला टेकवून.

मी म्हटलं, "सूनबाई, हळू घे."

"बाबा, हळूच आहे."

"आणखी हळू."

तिने माझ्याकडे बघितलं, आरशातून मागे बघितलं आणि वेग कमी केला. ट्रक पुढे गेले. बस गेली. दूधवाल्याची मोटारसायकल गेली. एकाने हॉर्न वाजवून, खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय, ढकलायला उतरू का?"

मागून झोपेतच आवाज आला, "आई, त्याला जाऊ दे." आणि पुन्हा घोरायला लागली.

 रस्ता मोकळा झाला तरी सूनबाईने वेग वाढवला नाही. घर अजून लांब होतं. आमच्या पुढे गेलेल्या प्रत्येक गाडीचे मी मनातल्या मनात आभार मानले.